पोरांच्या टेकाडावरची पेठ

१

गावपेठेत ताट मांडायची एक रीत होती आणि ती रोशनीनेच सगळ्या वेटरांच्या अंगवळणी पाडली होती. ताटाच्या काठावर रिसॉर्टची खूण म्हणून द्राक्षाचा घड रंगवलेला असे. तो घड बरोबर पाहुण्याच्या छातीसमोर यायला हवा, डावीउजवीकडे कललेला चालायचा नाही. पाहुणे आधी फोटो काढतात आणि मग जेवतात, तेव्हा फोटोत घड सरळ दिसला पाहिजे, असा मॅनेजर राकेश सरांचा हुकूम होता. रोशनी तिथली कॅप्टन, म्हणजे सगळ्या वाढप्यांची मुकादम. दिवसभर तिचा हात वाकडी ताटं सरळ करत फिरायचा.

द्राक्षबन रिसॉर्ट नाशिकहून हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शहरातल्या लोकांना खेडं हवं असतं, पण खेड्यातल्या माश्या नको असतात. अशा लोकांसाठी बांधलेली दुकानांची आणि खाण्याची गल्ली म्हणजे गावपेठ. सारवल्यासारखं दिसणारं सिमेंट, कंदिलात विजेचे दिवे, पैठणीच्या कापडाच्या पर्सा, मनुका, वाईन आणि चुलीवरची मिसळ. खरं खेडं, करंजपाडा, भिंतीपलीकडे उन्हाळाभर टँकरची वाट बघायचं. रोशनी त्याच पाड्याची. आश्रमशाळेत बारावी झाली, नाशिकला हॉटेलचा कोर्स केला आणि भिंतीच्या या बाजूला नोकरीला लागली.

दिवाळीच्या गर्दीआधी गावपेठ वाढवली गेली. मागच्या बाजूला उघड्यावर लाकडी फळ्यांचा मोठा ओटा घातला आणि त्यावर टेबलं मांडली. प्रत्येक टेबलाच्या डाव्या कडेला मातीची कुंडी, कुंडीत कोथिंबीर-पुदिना आणि शेजारी छोटी कात्री. पाहुण्याने स्वतः कापून मिसळीवर घ्यायचं. ‘शेतातून थेट ताटात’ अशी पाटीही लावली होती.

त्या नव्या ओट्यावर ताटं फिरू लागली. रोशनी ताट ठेवायची, घड सरळ करायची, पाव आणायला वळायची आणि परत येऊन बघते तर घड कुंडीकडे वळलेला. पाहुण्याने फिरवलं असेल, असं तिला पहिल्यांदा वाटलं. दुसऱ्या टेबलावर म्हातारा-म्हातारी बसली होती. दोघंही मोबाइलमध्ये मान घालून होती, ताटाला अजून कुणी हातही लावला नव्हता. त्यांची दोन्ही ताटं कुंडीकडे तोंड करून होती. रोशनीने ती गुपचूप सरळ केली.

२

या ओट्यावर रोशनीचा आधीपासून राग होता, आणि तो उगाच नव्हता.

ओटा जिथे घातला तिथे आधी एक उतार होता. पाडा त्याला पोरांचं टेकाड म्हणायचा. लहानपणी गेलेली पोरं तिथे पुरायची. मोठ्यांना अग्नी, लहानग्यांना माती. वर एक दगड आणि करवंदीची काटेरी फांदी, एवढीच खूण. दोन वर्षांपूर्वी रोशनीची मुलगी सोनकी तिथे गेली. दीड वर्षाची होती, तापात गेली. रोशनीचा नवरा लखन तेव्हा द्राक्षछाटणीला दिंडोरीकडे होता. तो पोचेपर्यंत वरची माती सुकली होती.

सातबारावर टेकाड रिसॉर्टच्या नावाने निघालं, त्यावर पाड्याकडे इलाज नव्हता. पण रोशनी राकेश सरांच्या केबिनमध्ये गेली होती. हात जोडून नव्हे, खुर्चीवर बसून बोलली होती.

“सर, तेवढा उतार सोडा. माझी मुलगी आहे तिथं.”

राकेश सरांनी तिच्यासाठी पाणी मागवलं होतं. “रोशनी, मलाही मुलगी आहे. तुझ्या शब्दाबाहेर नाही मी. कुंपण घालू, चाफा लावू. ढेकूळसुद्धा हलणार नाही.”

मग त्यांनी तिला नाशिकला पर्यटन मेळाव्याच्या स्टॉलवर पाठवलं. तूच बोलू शकतेस, बाकीच्यांना इंग्रजी येत नाही, असं म्हणून पाठवलं. ती आली तेव्हा जेसीबी जाऊन आला होता. उतार नव्हता, दगड नव्हते, करवंदीची फांदीही नव्हती. मुरूम दाबून झाला होता आणि सुतार फळ्या मोजत होते.

रोशनीने तिथे उभं राहून एकच प्रश्न विचारला. “माती कुठं टाकली?”

कुणी म्हणालं भरावात गेली, कुणी म्हणालं रस्त्याला. राकेश सर म्हणाले, “अगं, वरून ऑर्डर आली. माझ्या हातात होतं का?” केसाने गळा कापावा तसा तो माणूस वागला आणि वर तिच्या खांद्यावर थोपटून गेला. नोकरी सोडायचं तिच्या मनात आलं होतं. पण सोडली की गेटच्या आत पाऊल टाकता येणार नव्हतं, आणि तिची पोर आतच कुठेतरी होती. ती माती मिळेपर्यंत इथून हलायचं नाही, असं तिने ठरवलं. रोज सकाळी ती दात आवळून साडी नेसायची आणि कामावर यायची.

३

तक्रारी सुरू झाल्या. पुण्याच्या एका बाईने ताट पुढे ढकललं. “हे आधी कुणीतरी खाल्लेलं आहे.”

रोशनीने पाहिलं. उसळीत कुंडीच्या बाजूने बोटं फिरल्याच्या रेषा होत्या. बारीक, जवळजवळ, बाळाच्या हाताच्या असतात तशा. तिने माफी मागितली आणि ताट बदललं.

कोर्सला तिला शिकवलं होतं की तक्रारीचं कारण नेहमी स्वयंपाकघर आणि टेबल यांच्या मधे सापडतं. म्हणून तिने शोधलं. फळ्या उताराला असतील म्हणून टेबलावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. पाणी एका बाजूला सांडलं नाही. खार असेल म्हणून दुपारभर पाळत ठेवली. खार आली, पावाचा तुकडा घेऊन गेली, पण ताट फिरवणं खारीच्या बापाला जमलं नसतं. फळ्यांखाली वाकून पाहिलं. तिथे दाबलेला मुरूम आणि सुतारांनी टाकलेल्या बिड्या होत्या.

वाकलेली असतानाच तिला वर आवाज आला. लाकडावर ताट घासत फिरल्याचा, थांबून थांबून. कुणाचा तरी जोर पुरत नसावा तसा. ती उठली तेव्हा टेबल रिकामं होतं आणि मांडून ठेवलेल्या ताटाचा घड कुंडीकडे होता.

राकेश सरांना सांगितलं तर ते हसले. “टेबलं नवीन आहेत, पॉलिश गुळगुळीत आहे. ताटाखाली रबर लावून घे.” मग फोन बघत कुरकुरले, “ताटांचं काय घेऊन बसलीस, इकडे आमची पायल जेवेना झालीय. दिवाळीपासून ताट पुढ्यात घेऊन नुसती बसते. बायको रडकुंडीला आलीय.”

पायल त्यांची चार वर्षांची मुलगी. एकदा रिसॉर्टवर आली होती तेव्हा रोशनीच्या कडेवरून उतरत नव्हती. तिचं नाव ऐकून रोशनीला वाईट वाटलं. नंतर तिला स्वतःचाच राग आला. याच्या पोरीसाठी आपला जीव तुटतो, आणि याने आपल्या पोरीची माती कुठे टाकली तेसुद्धा सांगितलेलं नाही.

रबर लावलं. ताटं फिरायची थांबली नाहीत.

४

आईला ती सांगणार नव्हती. पण चिमणाबाई चुलीपाशी बसून लेकीच्या ताटाकडे बघत होती. रोशनी घरीसुद्धा नकळत ताट सरळ करत बसली होती.

“काय झालं गं? ताटाला काय चाळा लावला?”

रोशनीने सांगितलं. चिमणाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि जाळ कमी केला.

“टेकाडावर कोनी भाकर सोडत नाय, रोशने. गुराखी बी नाय सोडत. तुला ठावं हाय.”

“ठाऊक आहे. पण का नाही सोडत, ते कधी कुणी सांगितलं नाही.”

“सांगायचं काय त्यात? पोरांना भूक लागती. आपून खाताना बघतात. आन आपल्याला त्यांना देता येत नाय.” चिमणाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. “म्हनून त्यांच्यासमोर खायाचं नाय. लेकराला तरसवायचं नाय. बाकी काय नाय त्यात.”

रोशनीला हे सगळं खोटं वाटायचं. अजूनही वाटत होतं. बारावीला तिला विज्ञानात चांगले गुण होते. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला सोनकी जेवताना दिसली. तिला पेज वाढली की ती आधी ताटली दोन्ही हातांनी धरून गरागरा फिरवायची, काठावरचं फूल आपल्याकडे येईपर्यंत. मग डाव्या हाताने आधी गुळाचा खडा शोधायची. गूळ तोंडात गेल्याशिवाय पेजेला हात लावायची नाही. आणि ही ताटली फिरवायची खोड काही तिच्या एकटीची नव्हती, पाड्यातली सगळी पोरं एकमेकांचं बघून तसंच करायची. फुलाच्या ताटल्या हरसूलच्या बाजारात मिळायच्या, घरोघरी त्याच होत्या.

तिने लखनला फोन लावला आणि उचलायच्या आत कापला. काय सांगणार होती त्याला?

५

कुंड्यांचं काम बुधाकाकाकडे होतं. पाड्यातलाच म्हातारा, रिसॉर्टचा माळी. त्याचा एक नातू टेकाडावर होता. रोशनी दिसली की अलीकडे तो खुरपं घेऊन दुसरीकडे निघायचा. त्या दिवशी दुपारी ओटा बंद होता. पुढचे पाहुणे संध्याकाळी येणार होते. तो कुंड्यांना पाणी घालत होता आणि रोशनी त्याच्या वाटेत उभी राहिली.

“काका, कोथिंबीर लय जोरात आलीय. माती कुठली?”

बुधाकाकाच्या हातातली झारी तिरकी झाली आणि पाणी त्याच्याच पायावर पडत राहिलं.

“बाय, मी सांगनार व्हतो तुला.”

“कुठली माती, काका?”

“सायेब म्हनला, वरची माती भुसभुशीत हाय, कशाला टाकून द्यायची, चाळून कुंड्यांत भर. मी नको म्हनलो. तो म्हनला, मग घरी जा. माझा नातू बी त्यातच हाय गं. दुसऱ्यानं भरली आसती तर कशी भरली आसती? मी हातानं भरली. खोऱ्यानं नाय. हातानं.”

तो खाली बसला आणि रडू लागला. रोशनीला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ज्याच्यावर ओरडावं असा तो माणूस नव्हता. तिने ओट्यावर नजर टाकली. कुंड्यांची रांग, रांगेत कात्र्या. गेले कित्येक दिवस ती स्वतः हसून सांगत होती, “मॅडम, ताजी आहे, कापून घ्या.” रागाने तिच्या कानशिलांवर ठोके पडू लागले.

ती तशीच केबिनमध्ये गेली. राकेश सर ताक पीत होते.

“कुंड्यांत टेकाडाची माती भरलीत तुम्ही.”

“चाळलेली आहे,” राकेश सर म्हणाले. “काही निघालं नाही त्यात, मी स्वतः विचारलं.” तिचा चेहरा पाहून त्यांनी पेला खाली ठेवला. “हे बघ, इमोशनल होऊ नकोस. तुला पाहिजे तर एक कुंडी घेऊन जा घरी. कुठलीही उचल. मी कुणाला सांगणार नाही.”

कुठलीही उचल! हे ऐकून रोशनीला त्याच्या तोंडावर ताक फेकावंसं वाटलं. तिने फेकलं नाही याचं तिला नंतर बरेच दिवस वाईट वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ओटा रिकामा झाल्यावर ती आईकडून नागलीची पेज घेऊन आली. बुधाकाकाला तिने पायरीवर बसवलं, कुणी आलं तर खोकायला. मग प्रत्येक कुंडीपुढे एक ताट मांडलं. ताटात पेज, पेजेच्या कडेला गुळाचा खडा. सगळे घड तिने रीतीप्रमाणे खुर्चीकडे ठेवले. आपण हे काय करतोय, असं तिला वाटलं. कुणी पाहिलं तर वेड्यात काढतील. ऊन फळ्यांवर पडलं होतं आणि पलीकडच्या दुकानात कुणीतरी शटर पुसत होतं.

आईने सांगितलं होतं की त्यांना देता येत नाही. पण देऊन कुणी पाहिलंच नसेल तर? एवढी वर्षं सगळे नुसते भाकरी लपवत आले असतील तर?

“जेवा रे,” ती म्हणाली. मग पुन्हा मोठ्याने म्हणाली. “या, जेवा.”

आधी टोकाचं ताट फिरलं. मग त्याच्या शेजारचं. मग घासण्याचा तो आवाज ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि कुंडीकुंडीतली कोथिंबीर खालून कुणी धरून उभं राहावं तशी हलली. वारा नव्हता. बुधाकाका पायरीवर तोंडावर हात दाबून बसला होता.

रोशनी पळाली नाही. तिला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त घाई झाली होती. ती ताटामागून ताट बघत गेली. प्रत्येकात पेजेतून बोटं फिरली होती. कुठे पेज अर्धी संपली होती, कुठे सगळी. एका ताटापुढे बुधाकाका उठून आला आणि नुसता उभा राहिला.

सगळ्या ताटांत गूळ मात्र तसाच होता. एकाही ताटातला खडा उचललेला नव्हता. ती दोनदा बघत गेली. सोनकीने गूळ सोडला नसता. ढगातून पाणी पडायचं थांबलं असतं, पण सोनकीने गूळ सोडला नसता.

“काका, ती नाही यात.”

बुधाकाकाने समोरच्या ताटावरून नजर काढली. मग म्हणाला, “तुझ्या बाजूची माती सगळ्यात चांगली व्हती. चाफ्यासाठी म्हनून तू शेनखत टाकलं व्हतंस ना तिथं. ती गोन्यांत भरून सायबाच्या गाडीत गेली. त्याच्या घरी गच्ची हाय म्हनं. बाईला बाग करायची व्हती.”

रोशनी खुर्चीवर बसली. कुंपण घालू, चाफा लावू, असं सर म्हणाले होते, म्हणून मेळाव्याला जायच्या आधी तिनेच दोन पाट्या शेणखत नेऊन टाकलं होतं.

७

सकाळी राकेश सर ओट्यावर नाश्त्याला बसले. डोळे सुजले होते, दाढी केलेली नव्हती. रोशनीने त्यांच्यापुढे मिसळीचं ताट ठेवलं आणि सवयीने घड सरळ केला.

“बस जरा,” ते म्हणाले. “तुला पोरांचं कळतं. हे बघ, काल बायकोने हा व्हिडिओ पाठवलाय. डॉक्टर म्हणतात काही नाही, पण पोरगी वाळत चाललीय.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. गंगापूर रोडच्या कुठल्याशा इमारतीची गच्ची, कोवळं ऊन, कुंड्यांत मोगरा. छोट्या टेबलाशी पायल बसलेली. गालांची हाडं दिसत होती. समोर तिची ताटली, काठावर ससा रंगवलेली. मागून तिच्या आईचा आवाज येत होता, “खा ना गं राणी, एक घास.”

ताटली फिरली. आधी हळू, मग गरागरा. काठावरचा ससा मोगऱ्याच्या कुंडीकडे आला आणि ताटली थांबली.

“बघ, हे असं ताटाशी खेळत बसते,” राकेश सर म्हणाले.

पायलचे दोन्ही हात मांडीवर होते. ती ताटलीकडे बघतही नव्हती. ती कुंडीकडे बघत होती, लाजून हसत होती. ताटलीतल्या शिऱ्याच्या कडेला कुंडीच्या बाजूने काहीतरी आलं, गव्हाळ, इवलंसं. मनगटाला काळे मणी होते. डावा हात होता तो. पायलच्या आईने मोबाइल हलवला आणि पुढे नुसतं आभाळ दिसलं.

रोशनीने तो व्हिडिओ पुन्हा लावला नाही. एकदा पाहिलं ते तिला पुरेसं होतं. ते मणी तिने स्वतः ओवले होते.

“सर,” ती म्हणाली, “तुमच्या गच्चीतली माती मला परत द्या. सगळी. आजच्या आज.”

“झालं तुझं सुरू?” राकेश सरांनी चमचा आपटला. “मी पोरीचं बोलतोय आणि तू मातीवर अडलीस! बायकोने त्यात मोगरा लावलाय, कळ्या आल्यात. उपटून देऊ? एक कुंडी घे म्हटलं ना इथली? विषय संपव.”

रोशनीने मोबाइल त्यांच्याकडे सरकवला. आपण एवढ्या शांत कशा, याचं तिलाच नवल वाटलं. या माणसाला तिने दोनदा मागितलं होतं. एकदा खुर्चीवर बसून, एकदा आत्ता. तिसऱ्यांदा ती मागणार नव्हती. पण पायलचा काय दोष होता? तिची हाडं दिसत होती आणि तरी ती हसत होती.

“नागलीची पेज द्या तिला,” रोशनी म्हणाली. “कडेला गुळाचा खडा ठेवा. आणि दोन वाट्या ठेवा. एक पायलपुढे, एक कुंडीपाशी.”

“दोन कशाला?”

“ठेवा. कुंडीपाशी आधी ठेवा. रोज ठेवायला सांगा, एक दिवस चुकवू नका. म्हणजे पायलच्या ताटातलं जाणार नाही.”

“आणि किती दिवस?”

“पोर मोठी होईपर्यंत,” रोशनी म्हणाली.

“म्हणजे अजून पाच-सहा वर्षं?” ते हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले. “रोशनी, तू पायलचंच बोलतेयस ना?”

त्या दोघांच्या मधे लाकडावर ताट घासल्याचा आवाज झाला. राकेश सरांचे दोन्ही हात मोबाइलवर होते. त्यांच्यापुढचं ताट वळलं, थांबलं, पुन्हा वळलं, आणि द्राक्षाचा घड कुंडीकडे आला. उसळीतून बारीक बारीक रेषा उमटू लागल्या.

राकेश सर खुर्चीसकट मागे सरकले. “हे... रोशनी, हे ताट... सरळ कर ना ते!”

रोशनी उठली. खुर्ची जागेवर ढकलली, पदर खोचला.

“जेवू द्या त्यांना,” ती म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. त्या दिवसानंतर तिने त्या ओट्यावरचं एकही ताट सरळ केलं नाही.